पाचव्या दिवसाचा कागद

अजून नाव नाही त्याला.
वारा चौतीस नॉट झाल्याखेरीज
बारसं करायचं नाही, असा नियम आहे.
तोवर नुसतं 'ते':
मुंबईच्या नैऋत्येला सहाशे ऐंशी किलोमीटर,
रात्री अडीचच्या चित्रात
पिंजून टाकलेल्या कापसाचा पुंजका.

कुलाब्याच्या या खोलीत एसी गळतो.
खाली बादली ठेवली आहे.
तिचा अंदाज मला अचूक येतो :
साडेचारला भरते.

समुद्राचं तसं नाही.
जिथला दाब कळायला हवा
तिथून जहाजं आधीच बाजूला झालेली,
आमच्याच सांगण्यावरून.
एक बोया होता, तो काल दुपारपासून मुका.
विमान कोणी धाडत नाही त्याच्या पोटात.
उरतो ढगांचा आकार.
वेटोळं किती वळलं, माथा किती गार पडला,
ते मोजायचं, तक्त्याशी ताडायचं
आणि म्हणायचं, वारा इतका असावा.
'आहे' नाही. 'असावा'.
बावीस वर्षं या 'असावा'वर माझं घर चाललंय.

राजाध्यक्ष सर समदाबरेषा पेन्सिलीने काढायचे.
म्हणायचे, टेबलावर देव नसला तरी चालेल,
खोडरबर हवा.

आता पाच मॉडेलं पाच दोरे सोडतात.
एक सलालाकडे, दोन वेरावळला,
एक मध्येच गिरकी घेऊन आपल्याच शेपटीशी येतो,
आणि एक, फक्त एक, सरळ
अलिबाग नि माझी खिडकी यांच्यामधून.
मी सगळ्यांभोवती सूप काढते,
आज निमुळतं, पाचव्या दिवशी एवढं रुंद
की अर्धी किनारपट्टी त्यात पाखडावी.

लेकाच्या पाचवीला आईने पाटावर
कोरा कागद ठेवला होता, शेजारी बॉलपेन.
रात्री सटवाई येऊन लिहून जाते म्हणून.
सकाळी मी आधी कागद पाहिला, मग बाळ.
कोराच होता.
"तिचं अक्षर आपल्याला दिसत नसतं," आई म्हणाली
आणि त्याच कागदावर तिने वाण्याची यादी केली :
डिंक, खारीक, अर्धा किलो अळीव.

तीन दहाला वर्सोव्याहून फोन.
जनार्दन वैती. तेरा बोटी बाहेर आहेत.
"मॅडम, बर्फ अजून सा दिवसांचा हाय.
मागच्या साली तुमी बोलवलाव,
आमी आयलो, नि तो गेला ओमानला.
जाली रिकामी, डिझेलचं देणं अजून फिटलं नाय."
खरं होतं. एकशे चाळीस किलोमीटरची चूक.
माझ्या अहवालात ती 'सरासरीच्या आत' होती.

"बोलवा," मी म्हणाले.
"नक्की?"
त्या शब्दासाठी माझ्या तक्त्यात रकाना नाही.
"बोलवा," मी पुन्हा म्हणाले,
आणि माझा आवाज मलाच
दुसऱ्या कोणाचा तरी वाटला,
पाटाशी रात्री येऊन बसलेल्या कोणाचा.

फोन ठेवायचा विसरून तो वायरलेसवर गेला.
मला ऐकू येत होतं, एकेक नाव घेऊन हाका :
एकवीरा दर्शन. मोरेश्वर. हिंगळादेवी.
जवळची बोट लांबच्या बोटीला सांगत होती.
खरखर, मग "आयकला, आयकला",
पुन्हा खरखर.
बिननावाचं ते पडद्यावर अर्ध्या अंशाने उत्तरेला सरकलं
आणि मी पेन्सिल घेतली, उगीच, हातात काहीतरी असावं म्हणून.

अकरा आवाज मोजले.
बारावा.
मग तो एकच नाव घेत राहिला,
आधी बोटीचं,
नंतर बहुतेक तांडेलाचं,
नंतर ज्या नावाने त्याला घरात हाक मारत असतील ते.

पायाला गार लागलं.
घड्याळात चार वाजले होते.
बादली भरून वाहत होती.